सा म्हणजे ‘नाही’, नी म्हणजे ‘हो’: घडवलेल्या भाषा, संगीत आणि ऐकणारा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आत्ता ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले की बाईंना तीन नाद आहेत. माणसांनी मुद्दाम घडवलेल्या भाषा, गाणं ऐकणं आणि इंटरनेटवर तासन्‌तास भटकणं. खरं आहे. फक्त आमच्या घरी याला नाद म्हणत नाहीत, रिकामटेकडेपणा म्हणतात. (हशा) माझी आत्या दर दिवाळीला विचारायची, “अगं, या सगळ्याचा उपयोग काय?” तिला मला कधी धड उत्तर देता आलं नाही. आज तुमच्यासमोर देऊन बघते.

या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. आवाजाला अर्थ कुठून येतो? कुणीतरी बसून ठरवलं की ‘या आवाजाचा अर्थ हा’, तर तेवढ्याने भाषा होते का? आणि ज्याचा अर्थ कुणीच ठरवलेला नाही, उदाहरणार्थ भूपातला गंधार, तो आपल्याला का कळतो? मोठे प्रश्न आहेत, पण आपण सुरुवात अगदी वाड्यातून करू.

चलाम चाणीप

आमच्या वाड्यात पोरांची एक गुप्त भाषा होती. तुमच्यापैकी पुष्कळांना येत असणार, ‘च’ची भाषा. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ घालायचा आणि ते अक्षर शेवटी न्यायचं. ‘मला’चं ‘चलाम’, ‘पाणी’चं ‘चाणीप’, ‘शाळा’चं ‘चाळाश’. मोठ्यांसमोर बेत शिजवायला फार सोयीची. ही खरं तर वेगळी भाषा नव्हे, मराठीवर घातलेला बुरखा आहे. व्याकरण मराठी, शब्द मराठी, फक्त तोंड झाकलेलं.

असे बुरखे आपल्याकडे जुने आहेत. बोटांच्या खुणांनी बोलायचं ती करपल्लवी. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून सौदा ठरवायचे, चारचौघांत भाव उघड होऊ नये म्हणून. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठीच, पण लिपीची किल्ली नसेल तर पान बंद.

लपवण्यासाठी घडवलेलं ते पहिल्या प्रकारचं. दुसरा प्रकार अगदी उलटा, सगळ्या जगाला एकमेकांचं कळावं म्हणून घडवलेल्या भाषा. तिसरा प्रकार म्हणजे गोष्टीसाठी किंवा निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी घडवलेल्या. ‘बाहुबली’मध्ये कालकेय जी किलिकी बोलतो, ती गीतकार मदन कार्की यांनी चित्रपटासाठी तयार केली. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे भाषापंडित. त्यांच्या बाबतीत तर आधी भाषा आल्या आणि त्या बोलणारं कुणीतरी हवं म्हणून कथा आल्या, असं ते स्वतः सांगत. या छंदावर त्यांनी १९३१ साली एक व्याख्यान दिलं, आणि त्याच्या शीर्षकात या छंदाला गुप्त व्यसन म्हटलं. त्यात ते लष्करी शिबिरातल्या एका सोबत्याची आठवण सांगतात. कंटाळवाणं प्रशिक्षण चालू असताना हा गृहस्थ मनातल्या मनात आपल्या भाषेची विभक्ती कशी असावी हे ठरवत होता! मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. बाहेर युद्ध चाललंय, आणि हा द्वितीयेचा प्रत्यय शोधतोय.

सात स्वरांचा शब्दकोश

आता गाण्याकडे येऊ. भाषा घडवण्याचं वेड आणि संगीताचं वेड एकाच माणसात असलं तर काय होतं? बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची मठवासिनी होऊन गेली. उत्तम संगीतरचनाकार. तिने सुमारे हजार शब्दांची स्वतःची एक भाषा केली होती. जवळजवळ सगळी नामंच, क्रियापदांचा पत्ता नाही. आणि त्यातले मोजके शब्द तिने आपल्या एका गीतात, लॅटिन ओळींमध्ये बसवले.

पण खरा बहाद्दर म्हणजे फ्रान्सचा जाँ फ्रांस्वा सुद्र. जन्म १७८७. पेशाने संगीतशिक्षक. त्याच्या डोक्यात असं आलं की जगात भाषा अनेक, पण दो-रे-मी-फा-सोल-ला-सी हे सात स्वर अनेक देशांतल्या लोकांना आधीच ठाऊक आहेत. मग याच सातांची भाषा का करू नये? तिचं नाव सोलरेसोल.

हिशेब बघा. एका स्वराचे शब्द सात. दोन स्वरांच्या जुळण्या ४९. तीनच्या ३४३. चारच्या २४०१. सगळे मिळून २८०० जुळण्या. रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरेल, असा त्याचा अंदाज. आणि गंमत अशी की ही भाषा बोलता येते, गाता येते, व्हायोलिनवर वाजवता येते, सात रंगांनी किंवा हाताच्या खुणांनी दाखवता येते. आंधळ्या-बहिऱ्यांनासुद्धा उपयोगी पडावी ही त्याची तळमळ होती. तो सभेत व्हायोलिनवर वाक्य वाजवायचा आणि त्याचे शिष्य ते शब्दांत सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. फ्रेंच सैन्याने बिगुलाने संदेश पाठवण्याच्या त्याच्या पद्धतीच्या चाचण्याही घेतल्या, पण पद्धत स्वीकारली नाही.

आपण त्याच्या ‘दो’च्या जागी ‘सा’ ठेवू, म्हणजे आपल्याला सोपं जाईल. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे सोलरेसोलमध्ये होतं ‘सारे गधनी साग’. (हशा) कुणी तरुण मंडळी असतील तर लिहून घ्या. ‘नी’ म्हणजे हो. आणि ‘सा’ म्हणजे नाही. म्हणजे आपले बुवा मैफिलीच्या सुरुवातीला डोळे मिटून षड्ज लावतात, ते सुद्रच्या हिशेबाने रसिकांना सांगत असतात, “नाही… नाही… नाही…” (हशा)

सुद्र १८६२ मध्ये वारला. त्याचा शब्दकोश त्याच्या हयातीत छापून झाला नाही, १८६६ मध्ये त्याच्या पत्नीने तो प्रसिद्ध केला. आयुष्यातली काही दशकं, कौतुक, पदकं, मोठमोठ्या माणसांची शिफारसपत्रं, आणि हाती काय? रोजच्या वापरात ही भाषा कुणी आणली नाही.

सुद्रचं चुकलं कुठे?

यात दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची.

आपली रोजची भाषा उधळी असते. गरजेपेक्षा जास्त आवाज खर्च करते. बाहेर वरात चाललीय आणि मी ओरडले, “मला -णी हवंय”, तरी तुम्ही पाणीच आणाल, नाणी आणणार नाही. कारण उरलेल्या वाक्यातून, माझ्या चेहऱ्यावरून, उन्हावरून तुम्ही गाळलेली जागा भरता. सोलरेसोलमध्ये ही सैल जागा फार कमी. एक स्वर इकडचा तिकडे झाला की शब्दच बदलला. चुकायला वाव नसलेली भाषा माणसांना झेपत नाही, कारण माणसं चुकतात.

दुसरी अडचण संगीताची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सुद्रने विरुद्धार्थी शब्दांसाठी एक युक्ती केली होती. शब्द उलटा केला की अर्थ उलटा. ‘सागप’ म्हणजे देव, म्हणून ‘पगसा’ म्हणजे सैतान. कागदावर काय सुंदर आहे! पण गाऊन बघा. सा, ग, प… प, ग, सा. उतरताना कुणाला सैतान दिसला का? कानाला उलट घरी परतल्यासारखं वाटतं. म्हणजे स्वरांना मुळातच काहीतरी सांगायचं होतं, आणि सुद्रने त्यांच्या तोंडात दुसरंच काही घातलं.

हे आपल्याकडच्या उदाहरणाने बघू. भूप राग घ्या. स्वर कोणते? सा रे ग प ध. आता देशकार घ्या. स्वर कोणते? सा रे ग प ध. तेच पाच, सगळे शुद्ध. लिपी एकच, अक्षरं एकच, तरी राग दोन. भूपात गंधाराला मान, राग खालच्या अंगाने, पूर्वांगात रमतो. देशकारात धैवताला मान, सगळा ओढा वर, उत्तरांगाकडे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की जाणकार भुवया उंचावतो, “अहो, देशकार डोकावला!” आता सांगा, हा फरक कुठल्या शब्दकोशात लिहिणार? ‘ध’ म्हणजे काय, या प्रश्नाला भूपात एक उत्तर आहे आणि देशकारात दुसरं. स्वराचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवर, त्याच्यावर किती थांबलात यावर आणि ऐकणाऱ्याने आधी काय ऐकलंय यावर ठरतो.

म्हणूनच मला तराणा हा प्रकार विलक्षण वाटतो. ना दिर दिर दानी, तोम, तनन, यलली. याला अर्थ आहे का? उस्ताद अमीर खाँ यांनी यावर पुष्कळ विचार केला होता. त्यांचं म्हणणं, हे शब्द निरर्थक नव्हेत, त्यांच्यामागे फारसी शब्द आणि सूफी भाव आहे. इतर काही जण म्हणतात, हे वाद्यांचे आणि लयीचे बोल आहेत, त्यात कोशातला अर्थ शोधू नका. या वादाचा निकाल आज मी लावणार नाही. पण एवढं बघा की तराणा ऐकून डोलणाऱ्या श्रोत्यांचं या वादावाचून काही अडलेलं नाही.

इथे पंडित भातखंड्यांची आठवण होते. त्यांनी एक स्वरलिपी घडवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी वेगळी, खुणा वेगळ्या. दोन्ही घडवलेल्याच लिप्या. पण स्वरलिपी वाचून गाणं येत नाही, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, चार भागांत. तो कसा लिहिला? गुरू आणि शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. एवढा शास्त्रीय विषय, पण पानावरसुद्धा त्यांना समोर एक ऐकणारा लागला.

एक कोटी लोकांचं वचन

आता इंटरनेट. घाबरू नका, संगणकाचं काही सांगणार नाही. एकोणिसाव्या शतकातलंच सांगते.

१८७९ मध्ये योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने व्होलापुक नावाची जागतिक भाषा काढली. झपाट्याने पसरली. १८८९ मध्ये पॅरिसला त्यांची तिसरी परिषद झाली, ती व्होलापुकमध्येच चालली. आणि त्यानंतर काही वर्षांत डोलारा कोसळला. कारण? भाषेत सुधारणा करायच्या की नाही यावर भांडण. श्लायरचं म्हणणं, भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. लोक सोडून गेले.

दुसरा माणूस लुडविक झामेनहॉफ. जन्म १८५९, ब्यालिस्तोक गावी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, आज पोलंडमध्ये. पेशाने डोळ्यांचा डॉक्टर. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन, चौघांच्या चार भाषा आणि एकमेकांबद्दल संशय. या पोराला वाटलं, सगळ्यांची अशी एक भाषा हवी जी कुणाच्याच मालकीची नाही. १८८७ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं, ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. पुढे तेच भाषेचं नाव झालं. व्याकरणाचे नियम सोळा. आणि त्याने जाहीर केलं की या भाषेवर माझा हक्क नाही, ती सगळ्यांची.

त्या पुस्तकात त्याने कापून पाठवायच्या चिठ्ठ्या छापल्या होत्या. मजकूर साधारण असा, की एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन. बघा, त्याला अडचण नेमकी कळली होती. जी भाषा कुणी बोलत नाही ती मी का शिकू? आणि मी शिकलो नाही तर कुणी बोलणार कसं? आज नवा मंच सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हाच पेच पडतो. लोक नाहीत म्हणून लोक येत नाहीत.

एक कोटी चिठ्ठ्या काही आल्या नाहीत. १८८९ मध्ये त्याने भाषा शिकलेल्यांच्या पत्त्यांची पहिली यादी छापली. तिच्यात नावं होती एक हजार. पण त्या हजार जणांच्या हातात आता एकमेकांचे पत्ते होते! पत्रं सुरू झाली. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर इथे पहिलं जागतिक संमेलन भरलं. पुढे घराघरांत एस्पेरांतो बोलणारी जोडपी झाली, त्यांची मुलं ती जन्मापासून बोलू लागली. भाषांची गोडी असलेल्या आपल्या विनोबांनीही एस्पेरांतो शिकून घेतली होती.

आणि या भाषेची किंमत लोकांनी मोजली. हिटलरला ती ज्यूंचं कारस्थान वाटे. स्टालिनच्या राजवटीत एस्पेरांतो बोलणाऱ्यांना अटक झाली, कित्येकांना मारलं. झामेनहॉफची धाकटी मुलगी लिडिया, जी देशोदेशी ही भाषा शिकवत फिरली होती, ती १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारली गेली. घडवलेल्या भाषा म्हणजे रिकामा उद्योग असं कुणी म्हटलं की मला ही बाई आठवते. हुकूमशहांना भीती त्या सोळा नियमांची नव्हती. सरहद्दीपलीकडच्या माणसाला थेट पत्र लिहिणाऱ्या माणसाची होती.

त्या मानाने आजचं काम किती सोपं आहे. २०१५ मध्ये ड्युओलिंगोवर एस्पेरांतोचा अभ्यासक्रम आला. २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी घडवलेली हाय व्हॅलिरियन आली, २०१८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची क्लिंगॉन. ही क्लिंगॉन मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी बांधली. अमेरिकेतल्या एका भाषातज्ज्ञ बापाने आपल्या मुलाशी पहिली काही वर्षं क्लिंगॉनच बोलून पाहिली. मुलगा शिकला, आणि मग त्याने सोडून दिली. त्याच्या बाकीच्या सगळ्या जगाशी ती बोलायची सोयच नव्हती ना!

माझंही थोडं तसंच झालं. एका ॲपवर मी सलग दोनशेहून जास्त दिवस एक घडवलेली भाषा गिरवली. रोज आकडा वाढायचा, छान वाटायचं. एकदा खरंच ती भाषा बोलणारे एक आजोबा व्हिडिओ कॉलवर भेटले. त्यांनी मला विचारलं, “आज जेवलात काय?” आणि मला पिठलं-भाकरी सांगता येईना. दोनशे दिवस मी ‘माझं सफरचंद लाल आहे’ हेच म्हणत होते. (हशा) आकडा माझ्याजवळ होता, पण समोर कधी माणूसच नव्हता.

गाण्याचंही तसंच आहे. १९०२ मध्ये गौहर जान यांनी कलकत्त्याला ग्रामोफोनसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. जो ख्याल मैफिलीत तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत आवरायचा. लोकांनी त्या तीन मिनिटांची पारायणं केली, तबकडी झिजेपर्यंत. आज एका बोटाखाली हजारो तासांचं गाणं आहे आणि आपण विलंबित ख्यालाच्या चौथ्या मिनिटाला पुढचं काहीतरी लावतो. मंच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. माझं अर्धं शिक्षण त्यांनीच केलंय. पण ते माल पुरवतात आणि पत्ते पुरवतात. ऐकण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं.

बाबांची तिहाई

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला.

माझे बाबा कारकून होते. तबल्याचं शिक्षण असं काही नाही, पण भजनी मंडळात वाजवायचे आणि घरी येता-जाता तोंडाने बोल म्हणायचे. काही वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना तुमचं सगळं कळतंय, पण शब्द तोंडाशी येत नाहीत. आयुष्यभर गप्पिष्ट असलेला माणूस. पहिले काही आठवडे ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. गाण्याला मात्र उजव्या भागाचीही साथ मिळते. त्यामुळे बोलता न येणारी काही माणसं गाऊ शकतात, पाठ असलेल्या गोष्टी म्हणू शकतात. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी यावरून सुरावटीच्या आधाराने बोलणं परत शिकवायची एक पद्धत मांडली. हे सगळं मी इंटरनेटवरच वाचत बसले होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. म्हणून एका दुपारी त्यांच्याजवळ तबल्याचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. आणि बाबा म्हणाले, “धा धिं धिं धा.” अगदी स्पष्ट.

मग आम्ही दोघांनी एक भाषा केली. ‘धा’ म्हणजे हो. ‘ना’ म्हणजे नको. ‘तिरकिट’ म्हणजे लवकर, संडासला जायचंय. ‘तिं’ म्हणजे पाणी. मी विचारायचे, “बाबा, तुम्हाला चहा हवा का?” ते म्हणायचे, “धा.” नऊ-दहा शब्द झाले. मी वहीत तक्तासुद्धा केला. सुद्रची वारसदारच ना मी! पण तक्त्यातले शब्द ते विसरायचे. ‘तिं’चा अर्थ आज पाणी, उद्या पंखा. मी चिडायचे, ते चिडायचे. ‘धा’ आणि ‘ना’ तेवढे टिकले.

एके दिवशी लांबचे एक नातेवाईक भेटायला आले. पथ्य, औषधं, ओळखीचे वैद्य, दीड तास झाला तरी उठेनात. बाबा डोळे मिटून पडलेले. आणि अचानक ते म्हणाले, “तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट धा!” शेवटच्या ‘धा’ला डाव्या हाताने गादीवर थाप मारली.

तिहाई! तोच तुकडा तीनदा घ्यायचा आणि समेवर येऊन संपवायचं. म्हणजे, झालं, आता उठा. मी हसू लागले, मला बघून ते हसू लागले. आजारपणानंतर त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण ते उठले मात्र. (हशा)

हा शब्द आमच्या वहीत नव्हता, तो मी त्यांना शिकवला नव्हता. तिहाईत ‘संपलं’ हा अर्थ आधीपासून होता, संगीताने तो ठेवलेला होता, आणि आम्ही दोघांनी मिळून चाळीस वर्षं ऐकलेलं असल्यामुळे मला तो कळला. पुढे बाबा दोन वर्षं होते. जेवण पुरे झालं की तिहाई, दिवा मालवायचा की तिहाई, माझी बडबड फार झाली की तिहाई.

आत्याचा प्रश्न होता, उपयोग काय. आता उत्तर देता येतं. लहानपणी ‘च’ची भाषा बोलले नसते, सुद्रबद्दल रात्री-अपरात्री वाचलं नसतं, बाबांच्या शेजारी बसून गाणं ऐकलं नसतं, तर त्या दुपारी बाबांचं म्हणणं मला ऐकू आलं नसतं. कुठला नाद कधी कुठे कामी येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तुमच्या घरात कुणी काही विचित्र शिकत असेल तर त्याला उपयोग विचारण्याआधी जरा शेजारी बसून ऐका, एवढंच माझं सांगणं आहे.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: “रागदारी कळत नाही, पण ऐकावंसं वाटतं. सुरुवात कशी करू?”)

छान प्रश्न. तीन गोष्टी करा. एक, महिनाभर एकच राग ऐका, पण वेगवेगळ्या गायकांचा. म्हणजे गायक बदलला तरी काय बदलत नाही, ते कानाला कळेल. तोच राग. दोन, तानपुऱ्याच्या सुरात आपला सा लावून रोज पाच मिनिटं बसा, गाता येत नसलं तरी. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, एकटे ऐकू नका. कुणालातरी शेजारी बसवा आणि गाणं संपल्यावर विचारा, “तुम्हाला कुठली जागा आवडली?” दोघांच्या जागा वेगळ्या निघाल्या तर फारच उत्तम. मग ती पुन्हा लावा.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. बाबा असते तर एव्हाना तिहाई झाली असती.